आधी पानं, शेवटी चीज: घरचं हलूमी सॅलड

हलूमी तव्यावरून उतरलं की पुढची पाच-सात मिनिटंच त्याची. तेवढ्या वेळात ते बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि दाताखाली हलकं करकरणारं असतं. गार होऊ लागलं की आवळतं, आणखी थोड्या वेळाने वातड होतं. रेस्टॉरंटात मोठ्या हौसेने हे सॅलड मागवावं आणि चीज रबरासारखं लागावं, हा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. दोष बहुतेक वेळा चीजचा नसतो, बनवणाऱ्याचाही नसतो. तव्यापासून टेबलापर्यंत पोचायला बशीला जो वेळ लागला, त्यात सगळं बिघडतं. घरी हे अंतर चार पावलांचं. त्यामुळे हा पदार्थ बाहेरच्यापेक्षा घरी चांगला होतो असं माझं ठाम मत आहे. अट एकच, कामांचा क्रम चुकता कामा नये. पाककृती म्हणून यात अवघड काहीच नाही. काय आधी आणि काय नंतर, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

हलूमी मूळचं सायप्रसचं. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या या बेटावर ग्रीक बोलणारे लोक त्याला हलूमी म्हणतात, तुर्की बोलणारे हेलिम. युरोपीय संघाने 2021 मध्ये या दोन्ही नावांना भौगोलिक संरक्षण दिलं, म्हणजे युरोपात या नावाने विकलं जाणारं चीज सायप्रसमध्येच बनलेलं असावं लागतं. परंपरेने ते शेळी-मेंढीच्या दुधाचं, आता बरेचदा त्यात गाईचं दूधही असतं. सायप्रस 1878 पासून 1960 पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथून बरीच माणसं लंडनला जाऊन राहिली आणि हे चीजही त्यांच्याबरोबर गेलं. आज सायप्रसच्या हलूमीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ब्रिटनच आहे. तिथल्या मराठी घरांना ते कोणत्याही सुपरमार्केटात सहज मिळतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन किराण्यात ते मिळू लागलं आहे. बाहेरून आलेलं महाग असतं. इथल्या काही चीज बनवणाऱ्यांचं त्या पद्धतीचं चीज थोडं स्वस्त पडतं.

सायप्रसमध्ये उन्हाळ्यात हलूमी खातात ते थंडगार कलिंगडाबरोबर. खारट चीज आणि गोड, पाणीदार फळ अशी ही जोडी आहे. खाली दिलेलं सॅलड मी त्याच जोडीवर बेतलं आहे, कारण आपल्या उन्हाळ्यालाही ते तितकंच लागू पडतं.

हे चीज तव्यावर टाकलं तरी वितळत का नाही, हे आधी पाहू. कारण कळलं की तळताना काय करायचं तेही आपोआप कळतं. हलूमीसाठी दूध कोमट करून त्यात रेनेट घालतात. दूध जमलं की त्याचा चोथा दाबून पाणी काढतात. दूध आंबू देत नाहीत, आणि सगळी गोम इथेच आहे. दुधातलं कॅल्शियम प्रथिनांना बांधून ठेवतं. दूध आंबलं की हे बंध सैल होतात. मोझरेला गरम झाल्यावर तारा काढतं ते त्यामुळे. हलूमीत बंध शाबूत राहतात. शिवाय दाबलेल्या चोथ्याचे तुकडे त्याच्याच निवळीत, 90 अंशांच्या वर तापलेल्या, निदान अर्धा तास शिजवतात. म्हणजे आपल्या तव्यावर येण्याआधी ते एकदा चांगलं शिजून आलेलं असतं. शिजल्यावर गरम असतानाच त्यावर मीठ आणि पुदिना पेरतात आणि तुकडा मधोमध दुमडून खाऱ्या पाण्यात ठेवतात.

ही घडी लक्षात ठेवा. पाकिटातून लादी काढली की बाजूने पाहा, मध्यावर एक रेघ दिसेल. घडीला आडवे काप केले तर प्रत्येक कापाच्या मधून ही रेघ जाते आणि उलटताना काप नेमका तिथे दुभंगतो. म्हणून आधी सुरी त्या रेघेत घालून लादीच्या दोन पाट्या वेगळ्या करा. बऱ्याचदा त्या हातानेही सुटतात. मग प्रत्येक पाटीचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे काप करा. यापेक्षा पातळ काप तव्यावर कडक होतात. दीड सेंटिमीटरच्या वर गेलात तर बाहेरून रंग येतो, पण आतपर्यंत ऊब पोचत नाही.

खरेदी करताना पाकीट उलटून वाचा. जुन्या पद्धतीचं रेनेट जनावराच्या पोटातून मिळवलेलं असतं, त्यामुळे शाकाहारी घरात हे आधीच पाहायला हवं. सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट वापरलेलं हलूमीही सर्रास मिळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. दुसरी गोष्ट मिठाची. शंभर ग्रॅम हलूमीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, तेव्हा एका बशीतच निम्मा वाटा संपतो. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर काप केल्यावर ते तास-दोन तास साध्या गार पाण्यात ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. खारटपणा बराच उतरतो. त्रास नसेल तर पाण्यात घालण्याची गरज नाही, पण मग बाकी कशातही मीठ घालू नका. ड्रेसिंगमध्ये नाही, काकडीवर नाही, टोमॅटोवर तर नाहीच. या सॅलडचं मीठ म्हणजे चीज.

मीठ न घालण्याचा दुसरा फायदा आपल्याला कोशिंबिरीमुळे ठाऊक आहेच. काकडीला आधीच मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, म्हणून आपण ते ऐन वेळी घालतो. इथे पाणी सुटलं तर नुकसान दुप्पट. पानं मलूल होतात आणि वरचं खरपूस चीज खालून भिजतं.

आता प्रमाण. दोघांच्या रात्रीच्या जेवणाला किंवा चौघांना तोंडी लावायला एवढं पुरतं: 225 ते 250 ग्रॅमचं हलूमीचं एक पाकीट, दोन-तीन मोठ्या मुठी सॅलडची पानं, एक मध्यम काकडी, लहान टोमॅटो दहा-बारा, अर्धा कांदा, कलिंगडाच्या दोन वाट्या फोडी, मूठभर पुदिना आणि थोडे भाजलेले अक्रोड किंवा बदाम. ड्रेसिंगसाठी तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, एक लहान चमचा मध, लसणाची एक छोटी पाकळी किसून, ताजी भरडलेली मिरी आणि अर्धा लहान चमचा मोहरीची पेस्ट. बाटलीतली मोहरी घरात नसेल तर आपली फेसलेली मोहरी उत्तम. चवीला झणझणीतपणा येतोच, शिवाय तिच्यामुळे तेल आणि लिंबाचा रस एकमेकांत मिसळून राहतात. नाही तर दोन मिनिटांत वेगळे होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत सगळं घालून जोरात हलवा आणि पानाच्या टोकाने चाखा. चमच्याने चाखू नका, नुसतं ड्रेसिंग नेहमी जास्त आंबट लागतं आणि मग हात मधाकडे जातो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो पानांना. रेस्टॉरंटचं सॅलड आणि घरचं सॅलड यात जो फरक जाणवतो, तो माझ्या मते पानं किती कोरडी आहेत याचा असतो. पानं देठापासून सुटी करा, मोठ्या पातेल्यात भरपूर गार पाणी घेऊन त्यात बुडवा, हाताने हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. माती तळाशी बसते. मग पानं वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर तळाची सगळी माती परत पानांवर येते. पावसाळ्यात हे दोन-तीनदा करावं लागतं. शेवटचं पाणी बर्फ घालून घेतलं तर दुपारच्या बाजारातली मरगळलेली पानंही ताठ होतात.

नंतर ती वाळवायची. पानावर पाण्याचा थर असला की ड्रेसिंग त्याला धरत नाही, ओघळून तळाशी जातं. तेल आणि पाण्याचं जमत नाही. पानं फिरवून कोरडी करायचं भांडं असेल तर छान. नसेल तर मऊ सुती पंचा किंवा जुनं धोतर काढा, त्यात पानं सैल बांधा, चारी टोकं एकत्र धरा आणि गच्चीत किंवा न्हाणीघरात हात लांब करून गरगर फिरवा. पाण्याचे तुषार चांगले लांब उडतात. मग तेच कापड उलगडून पानं पसरा, वर दुसरं कोरडं कापड टाका आणि सैल गुंडाळी करून फ्रिजमध्ये ठेवा. हे काम सकाळी करून ठेवलं तरी चालतं. उलट तेच बरं, कारण थंड आणि कोरडी पानं गरम चीजपुढे थोडी जास्त टिकतात.

कोणती पानं घ्यायची? रोमेन लेट्युस मिळालं तर उत्तम, त्याचं पान जाड आणि करकरीत असतं. आइसबर्ग चालतं, पण चवीला पाणचट. रॉकेटची पानं थोडी कडसर आणि तिखट असतात; मूठभर मिसळली तर कलिंगडाच्या गोडव्याला छान उतारा होतो, नुसती घेतली तर मुलं खात नाहीत. लेट्युसच मिळत नाही अशा गावात असाल तर अडू नका. कच्ची पानं खाणं आपल्याला नवं नाही. विदर्भ-मराठवाड्याकडे मेथीचा घोळाणा होतोच, कोवळी मेथी, कांदा, दाण्याचा कूट आणि तेल. तीच कोवळी मेथी, मुळ्याचा कोवळा पाला आणि अगदी बारीक चिरलेला कोबी असं मिश्रण हलूमीखाली फार चांगलं लागतं. मेथीचा कडूपणा आणि चीजचा खारटपणा यांची जोडी मला तर लेट्युसपेक्षाही आवडते. जून मेथी मात्र नको, आणि देठ सगळे काढा.

बाकी भाज्यांचं काम झटपट होतं. काकडीचं टोक कापून कडू नाही ना ते पाहा, बिया मोठ्या असतील तर काढा, जाड अर्धगोल काप करा. टोमॅटो अर्धे करा. मोठा टोमॅटो घेतलात तर आतला गर आणि बिया काढून टाका. कांदा उभा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, म्हणजे उग्रपणा जातो, मग पिळून घ्या. कलिंगडाच्या फोडी शेवटी करायच्या आणि चाळणीत निथळत ठेवायच्या. कलिंगडाचा हंगाम संपला की दुसरं फळ घ्या, फळाशिवाय हे सॅलड अपुरं वाटतं. अंजीर बाजारात असतील तेव्हा चार भाग करून घाला, हलूमीला त्याच्याइतकं शोभणारं फळ नाही. हिवाळ्यात नागपुरी संत्र्याच्या फोडी पांढरी साल आणि बिया काढून घाला. बाकी वर्षभर डाळिंब आहेच.

आता तवा. पण गॅस पेटवण्याआधी एकदा ओट्यावर नजर फिरवा. पानं फ्रिजमधून बाहेर आली का, भाज्या चिरून झाल्या का, ड्रेसिंगची बरणी जवळ आहे का, पसरट ताटं मांडली का. आणि मुख्य म्हणजे जेवणारी माणसं टेबलाशी बसली का. "पाच मिनिटांत आलोच" म्हणणारा कुणी असेल तर तो येईपर्यंत तवा तापवू नका. पोळ्या झाकून ठेवता येतात. हलूमी झाकून ठेवलं की वाफेने मऊ पडतं आणि उघडं ठेवलं की आवळतं.

जाड बुडाचा नॉनस्टिक किंवा चांगला मुरलेला बिडाचा तवा घ्या. चीजचे काप सुती कापडाने किंवा कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपून कोरडे करा. हे टाळू नका. ओला काप आधी उकडतो, रंग नंतर कधीतरी येतो. नॉनस्टिकवर तेल जवळजवळ लागतच नाही, चीजमध्ये स्निग्धांश भरपूर आहे. बिडाच्या तव्यावर एक लहान चमचा तेल पसरून घ्या. मध्यम आचेवर तवा दोन मिनिटं तापू द्या आणि काप एकमेकांना न लावता, मध्ये बोटभर जागा ठेवून मांडा. ज्या क्रमाने ठेवाल त्याच क्रमाने उलटायचे, म्हणून घड्याळाच्या काट्यांसारखे गोलात मांडत जा.

पहिल्या मिनिटाला कापांतून पांढरट पाणी सुटतं आणि जोराचा चरचर आवाज येतो. घाबरून आच वाढवू नका, उलथनं लावू नका, काप सरकवू नका. पाणी आटत आलं की आवाज बदलतो, चरचर मंदावते आणि बारीक तडतड सुरू होते. त्याच वेळी कापाच्या कडेला खालून सोनेरी रेघ वर चढताना दिसते. आता पातळ उलथनं सरळ खाली घाला. काप सहज सुटला तर तयार आहे. चिकटला असेल तर अजून वीस-तीस सेकंद थांबा, रंग धरला की तो स्वतःहून तवा सोडतो. पहिली बाजू दोन ते तीन मिनिटं, दुसरी त्याहून कमी, कारण पाणी बहुतेक निघून गेलेलं असतं. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीइतका हवा. फिकट काप उकडलेल्या चीजसारखा लागतो आणि काळपट काप कडवट होतो.

तव्यावर गर्दी केली तर सगळ्या कापांचं पाणी एकदम सुटतं आणि ते त्यातच शिजत बसतात. पाकिटाचे आठ-दहा काप होतात. तवा लहान असेल तर दोन घाण्यांत करा.

बाहेर जी चकचकीत, किंचित गोड-तिखट चव मिळते, ती हवी असेल तर शेवटच्या दहा सेकंदांत करायचं काम आहे. दुसरी बाजू झाली की गॅस बंद करा, तव्यावर अर्धा चमचा मध, लिंबाचे चार थेंब आणि चिमूटभर मिरचीचे तुकडे टाका आणि काप त्यात एकदा फिरवून लगेच उचला. मध आधी घातला तर जळतो आणि तव्याला चिकटतो. हे करणार असाल तर ड्रेसिंगमधला मध कमी करा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, तेव्हा त्याच्यासाठी यातला घास काढू नका. हलूमीचं मीठही त्याला झेपणारं नाही.

पहिली बाजू भाजत असतानाच पानं कालवायची. पसरट परात किंवा मोठं भांडं घ्या. पानं, काकडी, टोमॅटो, कांदा त्यात घालून दोन तृतीयांश ड्रेसिंग ओता आणि हाताने, बोटं पसरून, खालून वर असं हलकेच कालवा. चमच्याने पानं चेपली जातात. प्रत्येक पान नुसतं चकाकलं पाहिजे, भांड्याच्या तळाशी ड्रेसिंग साचलं म्हणजे जास्त झालं. मग हे खोलगट वाडग्यात न भरता सपाट ताटात पसरा. खोलगट भांड्यात चीजची वाफ कोंडते आणि मिनिटभरात पानं शिजल्यासारखी होतात. कलिंगडाच्या फोडी आणि पुदिना वरून ठेवा, कारण कालवताना फोडी फुटतात. तव्यावरचे काप थेट ताटात येऊ द्या, शक्यतो काकडी आणि फळांवर टेकवून, नाजूक पानांवर नको. चीज कालवायचं नाही. अक्रोड भुरभुरा, उरलेलं ड्रेसिंग टेबलावर ठेवा, आणि बसा जेवायला. बरोबर भाजलेला पिटा ब्रेड चालतो. मला कडक भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे जास्त आवडतात, ताटात उरलेला रस टिपून घ्यायला.

पनीर घेतलं तर? जरूर घ्या, पण त्याला हलूमी समजून वागवू नका. पनीरही वितळत नाही, फक्त त्याचं कारण वेगळं. तापलेल्या दुधात आंबट घालून आपण ते फाडतो. त्यातली प्रथिनं अशी घट्ट गोळा झालेली असतात की आच लागल्यावर वाहत नाहीत, उलट आवळून पाणी बाहेर टाकतात. म्हणून पनीर जास्त वेळ तव्यावर राहिलं की कोरडं, चोथट होतं. शिवाय त्यात मीठ नसतं. मीठ आपण द्यायचं. अर्धा लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम मीठ आणि थोडा सुकवलेला पुदिना घालून पनीरची लादी त्यात चार-पाच तास किंवा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मग काढून कापडाने नीट टिपा, दीड सेंटिमीटरचे काप करा. याला तेल लागतं, दोन मोठे चमचे तरी. मध्यम-तेज आच, प्रत्येक बाजू दीड मिनिट, बस. कवच हवं असेल तर ग्रीक सागानाकीची पद्धत उचला. ग्रीसमध्ये केफालोतिरीसारख्या कडक चीजचा काप पाण्याने ओलसर करून कोरड्या मैद्यात घोळवतात, जास्तीचं पीठ झटकतात आणि तेलात दोन्ही बाजूंनी तळतात. पनीरला हाच पातळ थर चांगला बसतो. मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घेतलं तर कुरकुरीतपणा जास्त टिकतो.

पनीर घरी केलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. म्हशीचं एक लिटर दूध घेतलं तर 180 ते 200 ग्रॅम मिळतं. भाजीला लागतं त्यापेक्षा या कामाला घट्ट हवं, तेव्हा वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं जड पातेलं ठेवून निदान दोन तास दाबा. विकतचं घेताना पाकिटावर 'अ‍ॅनालॉग' असा शब्द दिसला तर ते वनस्पती तेल घालून बनवलेलं असू शकतं. इथे त्याचा उपयोग नाही.

फेटा तव्यावर टाकू नका, चुरा होतो. प्रोसेस्ड चीजचे क्यूब पसरतात. मोझरेला आणि मऊ गोट चीज वितळतात, पण त्यांचंही सॅलड होतं, चिलखत घालून. गोट चीजचं गरम सॅलड ही फ्रान्सची आवडती गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये अॅलिस वॉटर्स यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या 'शे पानीस' रेस्टॉरंटमध्ये ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून भाजलेलं गोट चीज कोवळ्या पानांवर द्यायला लागले आणि ते अमेरिकेत खूप गाजलं. तिथे ते ओव्हनमध्ये भाजतात. तळणार असाल तर जाड काप आधी फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवा, मग मैदा, फेटलेलं अंडं आणि ब्रेडचा चुरा असे थर द्या. अंडं आणि चुरा दोनदा. अंडं खात नसाल तर कॉर्नफ्लोअरची दाटसर पेस्ट करा. तेल 180 अंशांच्या आसपास हवं. चुऱ्याचा कण टाकला की लगेच वर येऊन बुडबुडे यायला हवेत. मिनिट-दीड मिनिटात रंग आला की काढा. कुठे भेग राहिली तर चीज तेलात उतरतं आणि तेल उडतं, म्हणून कडा दोनदा तपासा आणि मुलांना कढईपासून लांब ठेवा. खरं सांगायचं तर एवढा खटाटोप पाहुणे यायचे असतील तरच करावा. रोजच्यासाठी हलूमी किंवा पनीर पुरे.

पाहुणे जास्त असतील, आठ-दहा, तर वेगवेगळी ताटं भरायचा नाद सोडा. मोठं थाळ भरून पानं-फळं टेबलाच्या मधोमध ठेवा, वाढून घ्यायला सांगा, आणि दोन तवे लावून हलूमीचे घाणे एकामागून एक थेट टेबलावर नेत जा. डोसे करतो तसंच. एकाने तव्यापाशी राहायचं, मग अदलाबदल. कार्यालयाच्या डब्यात हे सॅलड देऊ नका. दुपारपर्यंत पानं आणि चीज दोन्ही हातची गेलेली असतात.

उरलंच तर ते वेगवेगळं राहू द्या. ड्रेसिंग न लावलेली पानं कापडात गुंडाळून दोन दिवस चांगली राहतात. ड्रेसिंग लागलेली टिकत नाहीत, ती संपवा. पाकीट फोडून उरलेलं कच्चं हलूमी हवाबंद डब्यात त्याच्याच खाऱ्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत वापरा. पाणी सांडून गेलं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून तसं पाणी करा. भाजलेले काप गार होऊन वातड झाले असतील तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, आणखी चिवट होतील. बारीक तुकडे करून गरम तव्यावर मिनिटभर परता आणि सकाळी कांदा-टोमॅटोच्या भुर्जीत घाला. त्या भुर्जीत मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका.